आटपाट नगराचे दार

नीरेहून बारामतीकडे येताना पणदरे लागते. मार्गशीर्षात तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो आणि रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, तेव्हापासून या पट्ट्याचे वर्ष पाण्याच्या पाळ्यांनी आणि उसाच्या तोडीने मोजले जाते. पूर्वेला माळेगावचा कारखाना, पश्चिमेला सोमेश्वरचा, पलीकडे इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा. सगळ्यांचा गळीत हंगाम या दिवसांत भरात असतो. याच महिन्यातल्या दर गुरुवारी घरोघर चौरंगावर कलश मांडतात, त्यावर नारळ आणि लक्ष्मीचा मुखवटा बसवतात, आणि संध्याकाळी महालक्ष्मीव्रताची एक पातळशी, स्वस्त छपाईची पोथी वाचली जाते. ऐकायला बसलेल्या प्रत्येकीला ती पाठ असते. त्याच सुमारास सातासमुद्रापार अमेरिकेत आणि इंग्लंडात, नाताळच्या तोंडावर, एका ठरावीक साच्याच्या कादंबऱ्यांचा खप वाढतो. शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेली नायिका काही निमित्ताने आपल्या लहानशा गावी परतते. तिथली जुनी बेकरी बंद पडायच्या बेतात असते. गावातला एक भला पुरुष तिला भेटतो, नाताळ दोन दिवसांवर आला असताना दोघांत गैरसमज होतो, आणि बर्फ पडू लागते तेव्हा सगळे जुळून येते. अमेरिकेतल्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनेने तर प्रेमकथेची व्याख्याच अशी केली आहे की तिचा शेवट मनाला समाधान देणारा आणि आशादायक हवा. म्हणजे शेवट काय होणार हे पुस्तक विकत घेण्याआधीच वाचणारीला ठाऊक असते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती ते घेते.

प्रश्न असा की जिच्यात अनपेक्षित काहीच घडत नाही, अशा कथेने माणसाला धीर कसा येतो? आणि येत असेल, तर तो धीर घेणे प्रामाणिकपणाचे आहे का? वरवर पाहता हा वाङ्मयातल्या अभिरुचीचा प्रश्न वाटतो, आणि अभिरुचीच्या दरबारात या दोन्ही प्रकारांचा निकाल केव्हाच लागलेला आहे: पोथी भाबडी, कादंबरी सवंग. पण जगातला प्रत्येक धर्म शेवटाबद्दल काही ना काही ग्वाही देतो, आणि त्या ग्वाहीच्या खरेखोटेपणावर माणसे हजारो वर्षे वाद घालत आली आहेत. गुरुवारची पोथी आणि नाताळची कादंबरी हे त्याच वादाचे घरगुती रूप आहे. घरगुती म्हणून ते हलके ठरत नाही.

आधी पोथी काय सांगते ते पाहू. तपशील आवृत्तीगणिक थोडे बदलतात. सौराष्ट्रात भद्रश्रवा नावाचा राजा, त्याची राणी सुरतचंद्रिका, मुलगी शामबाला. महालक्ष्मी म्हातारीच्या वेषात राजवाड्याच्या दाराशी येते. दासी तिची विचारपूस करते. ऐश्वर्याने फुगलेली राणी मात्र तिला अपमान करून घालवून देते. शामबाला बाहेर येऊन म्हातारीची क्षमा मागते आणि तिच्याकडून व्रत समजून घेते. पुढे तिचे मालाधर राजपुत्राशी लग्न होते, माहेरचे राज्य लयाला जाते, मुलीने बापाला दिलेल्या मोहरांच्या हंड्यात घरी पोचल्यावर कोळसे निघतात, आणि अखेर राणी स्वतः व्रत करते तेव्हा गेलेले परत येते. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांचाही साचा साधारण हाच. त्या घडतात ते आटपाट नगर कुठल्याही नकाशावर नाही. चार्ल्स किंकेड या आय.सी.एस. अधिकाऱ्याने 1914 साली मराठी कहाण्या इंग्रजीत आणल्या, तेव्हा आटपाट हे त्या गावाचे विशेषनामच समजून त्याने तसे छापले. चूक गोड होती, आणि तिच्यात तथ्यही होते. आटपाट हे खरोखरच एक विशिष्ट गाव आहे. एक राजा, एक देऊळ, एक तळे, एक गरीब घर आणि सगळ्यांना सगळ्यांची खबर, इतकेच त्याचे वर्णन. बर्फ आणि बेकरी वजा केली तर नाताळच्या कादंबरीतले गाव ते हेच.

शेवट आधीच माहीत असणे हा कथेचा दोष मानायची सवय आपल्याला तशी अलीकडची. ती मासिकांतल्या रहस्यकथांनी आणि पुढे मालिकांनी लावली. बारामतीतच अठराव्या शतकात मोरोपंतांनी उलटा प्रयोग करून ठेवला आहे. 1729 साली पन्हाळ्यावर जन्मलेला हा कवी बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी स्थिरावला, 1794 मध्ये वारला, आणि दरम्यान एकच रामकथा त्याने 108 वेळा रचली असे परंपरा सांगते. त्यातले एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ न मिटता म्हणता येईल असे. तिथे प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य, तेव्हा रामकथा सांगायची पण रामाचे नाव उच्चारायचे नाही! ही शब्दांची कसरत आहे असे म्हणून नाक मुरडणारे टीकाकार झाले, आणि कवितेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण जो श्रोता हे ऐकायला बसत होता त्याला रावण मरणार की नाही ही उत्सुकता नव्हती. शेवटाची काळजी मिटल्यामुळे त्याचे लक्ष मोकळे झाले होते. पुढे काय होईल हा घोर गेला की कसे होते आहे याकडे कान लागतात. पोथी ऐकणारी बाई म्हातारी दाराशी आली की सावरून बसते, ती हंड्यातले कोळसे माहीत नसतात म्हणून सावरत नाही. माहीत असतात म्हणूनच राणीचा पहिला उर्मट शब्द तिला अधिक बोचतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या मोकळेपणाला नाव दिले आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पिडलेल्यांना योग्य वेळी विश्रांती देणे हे एक प्रयोजन म्हणून सांगितले आहे. तिथे मनोरंजन हा शब्द वापरलेला नाही, विश्रांती हा वापरलेला आहे, आणि ती कुणासाठी तेही स्पष्ट केले आहे. पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हा शब्द उचलून रसाच्या अनुभवाच्या मुळाशी नेऊन ठेवला: चित्ताची धावाधाव थांबून ते आपल्या ठायी टेकते, तो आस्वाद. नाट्यकथेच्या बांधणीसाठी भरताने पाच संधी सांगितले आहेत, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. नाताळच्या कोणत्याही कादंबरीवर ते बसवून पाहावेत, तंतोतंत बसतात. शेवटाआधी दोन दिवस जो गैरसमज व्हावाच लागतो तो विमर्श. हाताशी आलेले फळ तिथे हुकल्यासारखे वाटते. ज्या बांधणीला शाकुंतलात आपण अभिजात म्हणतो तिलाच बेकरीच्या गोष्टीत साचा म्हणतो. दर्जात फरक आहे, आणि तो प्रचंड आहे. पण साच्यावरून कुणाला हिणवायचे असेल तर हात थोडा आखडता घ्यावा लागेल. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1984 च्या आपल्या पुस्तकात प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून जे नोंदवले तेही भरताच्या जवळ जाते. कथेत काय आहे याच्याइतकेच, ती वाचत असताना आपल्याला कुणी हाक मारत नाही, हे त्या बायकांना मोलाचे वाटत होते. गुरुवारच्या व्रतात ही सोयही पुरती नाही, कारण नैवेद्याचा स्वयंपाक त्याच बाईला करायचा असतो. तरी पोथी वाचून होईपर्यंत ती पाटावरून उठत नाही, आणि कुणी तिला उठवत नाही.

इथपर्यंत मान्य करूनही एखादा विचारी माणूस म्हणेल: विश्रांती मिळते खरी, पण खोट्याच्या उशीवर डोके टेकून. जगात गेलेले राज्य परत मिळत नाही, दुकान बुडते ते बुडतेच, मेलेले माणूस उठत नाही. मग सगळे ठीक होईल असे सांगणारी कथा माणसाला दुबळे करते. खरा धीर सत्यातूनच यायला हवा. या आक्षेपाची सर्वांत बळकट साक्ष भारतीय परंपरेतच आहे. श्रावस्तीची किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध तिला चमत्कार करून दाखवत नाही. ज्या घरात कधी कुणी मेले नाही अशा घरून मोहरी आण, एवढेच सांगतो. ती दारोदार फिरते, मोहरी प्रत्येक घरी असते आणि मरणही प्रत्येक घरी झालेले असते. मूल परत मिळत नाही. कथेचा शेवट गोड तर नाहीच, तो शेवट गोड करण्याला दिलेला नकार आहे. आणि तरीही अडीच हजार वर्षे ही कथा शोक झालेल्या माणसाला सांगितली जाते, ती त्याला धीर यावा म्हणूनच.

ही साक्ष आक्षेपकाच्या बाजूने जाते असे दिसते. मला ती दुसरीकडे बोट दाखवताना दिसते. कडू शेवटाची कथा आणि गोड शेवटाची कथा दोन्ही जर धीर देत असतील, तर धीर शेवटातून येत नाही. दोन्हींत समान काय आहे ते शोधले पाहिजे. समान आहे ते गाव. किसा गोतमीला बुद्धाने रानात किंवा एकांतात धाडले नाही, घरोघर धाडले. प्रत्येक दाराशी तिला कुणीतरी भेटले, तिचे ऐकले, आपले सांगितले. तिला शहाणपण आले ते एका विधानातून आले असते तर बुद्धाने ते विधानच ऐकवले असते. मरण सर्वांना आहे हे सांगायला एक ओळ पुरते. तिला पायपीट करावी लागली, कारण ते सत्य शेजाऱ्यांच्या तोंडून यायला हवे होते. शामबालेच्या कथेतही भाग्य वळते ते एका दाराशी, कुणीतरी बाहेर येऊन म्हातारीची दखल घेते म्हणून. नाताळच्या कादंबरीत नायिकेला नवरा मिळतो यापेक्षा दुकानाच्या दारावरची घंटा वाजते आणि आत येणाऱ्याला ती नावाने ओळखते, यात वाचणारीचा जीव अधिक गुंततो. या कथा जे वचन देतात ते सगळे ठीक होईल असे नाही. तुम्ही दाराशी आलात तर ते कुणाच्या तरी लक्षात येईल, एवढेच ते वचन आहे. हे वचन गोड शेवटापेक्षा लहान आहे, आणि पुष्कळ अधिक खरे होऊ शकते. शोकांतिका पाहून माणसे सुन्न होतात पण खचत नाहीत, यालाही हेच कारण असावे. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये काहीच वाचत नाही, आणि तरी शेवट पाठ असलेले प्रेक्षक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. नायिका सिंधूच्या दुःखाची दखल घेणारे हजारभर डोळे नाट्यगृहात होते. तिच्या घरात नव्हते.

दुसरा आक्षेप धर्माच्या आतून येतो आणि तो मला अधिक बोचरा वाटतो. ही पोथी म्हणजे उघड देवाणघेवाण आहे: व्रत करा, लक्ष्मी मिळवा, टाळा, कोळसे घ्या. नवसाने लेकरे होत असतील तर नवऱ्याचे काय काम, असे विचारणाऱ्या तुकोबांची पालखी दर आषाढात बारामतीवरून, पुढे सणसर, बेलवाडीचे रिंगण आणि निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. त्याच वाटेवरच्या घरांत मार्गशीर्षात हा व्यवहार चालावा याला विसंगती म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? भीतीचा भाग तर नाकारताच येत नाही. कितीतरी बायका व्रत चालू ठेवतात ते सोडले तर काही होईल या धास्तीने, आणि छापील पोथ्यांचा फलश्रुतीवरचा भर ही धास्ती पोसतो. याचे समर्थन मी करणार नाही. एवढेच म्हणेन की कथा स्वतः आपल्या फलश्रुतीपेक्षा शहाणी आहे. राणीचे राज्य जाते ते कलश मांडायला चुकली म्हणून जात नाही, दाराशी आलेल्या म्हातारीला हाकलले म्हणून जाते. आणि पोथीत एक प्रसंग असा आहे की जो देवाणघेवाणीच्या हिशेबात बसतच नाही. शामबाला माहेरी जाते, तिथे तिचा मान ठेवला जात नाही, आणि परतताना ती सोबत भांडेभर मीठ घेते. माहेराहून काय आणलेस असे नवरा विचारतो तेव्हा ती म्हणते, राज्याचे सार. त्याला कळत नाही. मग ती सगळा स्वयंपाक आळणी करते, आणि नवऱ्याने तोंड वाकडे केल्यावर पानात चिमूटभर मीठ वाढते. सोन्यानाण्याच्या कथेत, देवीच्या कृपेने सगळे परत मिळालेले असताना, सार म्हणून मिठाकडे बोट दाखवले जाते. ज्या कुणी बाईने पिढ्यांपूर्वी हा प्रसंग या कथेत घातला, तिला लक्ष्मी म्हणजे काय हे छापखान्याच्या मालकापेक्षा चांगले कळत होते.

तिसरा आक्षेप मार्क्सच्या नावाने केला जातो. धर्म ही अफू, एवढेच त्यातले लोकांना पाठ असते. त्याच परिच्छेदात तो धर्माला निर्दय जगाचे हृदयही म्हणतो, ते सहसा कुणी सांगत नाही. तरी आक्षेपाचा गाभा टिकतो, आणि पणदऱ्याच्या आसपास तो पुस्तकातून शोधावा लागत नाही. मार्गशीर्षात ज्या रस्त्यांवरून वाणाची ताटे जातात त्याच रस्त्यांच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. बीडमधून, अहिल्यानगरच्या पाथर्डीकडून, दुष्काळी भागांतून ही माणसे दसरा-दिवाळीनंतर येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता; माणसांची मोजदाद हत्याराने होते आणि त्यातली बाई अर्धा कोयता. ती पहाटेच्या आधी उठते, थंडीत भाकरी थापते, दिवसभर तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. संध्याकाळी उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या घेऊन ती गावातल्या गोठ्यांच्या दाराशी येते, कारण जनावरे असलेल्या घरांना वैरण लागते आणि तिला चार पैसे. कथेत म्हातारी येते तसेच हे येणे आहे. आतमध्ये पोथी चालू असेल तर बाहेर घासाघीस चाललेली असते.

असे असेल तर कथा खोटी ठरते की ऐकणारे? आक्षेपकाचे उत्तर असे की दोन्ही, कारण कथेतल्या विश्रांतीने बाहेरचे दिसेनासे होते. मला हे पटत नाही. पोथी वाचणाऱ्या घराच्या दाराशी कोण आले आहे हे विचारायला लावणारा निकष दुसऱ्या कोणत्या ग्रंथातून नाही, त्या पोथीतूनच मिळतो. राणीला शिक्षा का झाली हे ज्या घराला दर वर्षी चार-पाच वेळा ऐकवले जाते, त्या घराला मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय उरत नाही. नाताळचेही तसेच. लूकच्या शुभवर्तमानात धर्मशाळेत जागा नाही म्हणून मूल गव्हाणीत निजवावे लागते, आणि बातमी सर्वांत आधी कळते ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. बर्फातल्या उबदार गावाच्या कादंबऱ्या त्या कथेच्या नावावर विकल्या जातात, पण त्यांतल्या गावात जागा नाही असे कुणाला सांगावे लागत नाही, कारण परके म्हणावे असे तिथे कुणी येतच नाही. जी येते ती गावाचीच लेक असते. या कादंबऱ्यांवर माझा आक्षेप आहे तो त्यांच्या गोडव्यावर नाही, या कुंपणावर आहे. कहाणीतले आटपाट नगर त्यांच्यापेक्षा गरीब आहे, भाबडे आहे, देवाला भिऊन वागणारे आहे, पण तिथे अनोळखी म्हातारी दाराशी येऊ शकते. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) विधवांच्या दुःखाची दारोदारची हकिकत सांगते आणि मगच यमुनेला नवे घर देते. ख्रिस्ती लेखकाच्या हातची ती गोष्ट आजच्या नाताळी कादंबरीपेक्षा आपल्या कहाणीच्या जवळची आहे.

विश्रांती योग्य वेळी, असे भरताने म्हटले होते, आणि त्या दोन शब्दांत मर्यादाही आली. पोथी अर्ध्या-पाऊण तासाची असते. ती संपल्यावर आरती होते, प्रसाद वाटतात, आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला सवाष्णींना हळदीकुंकू लावून फळ आणि पोथीची एकेक प्रत देतात. पोथीच्या या प्रती अशा गावभर जातात. कोयत्यावरची बाई वाढे घेऊन आलेली असेल तर तिलाही हळदीकुंकू लावून एक प्रत द्यायला व्रताच्या कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.